चुकांचा माग

वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती बडोद्यात तयार झाली. १९५१ साली काम हाती घेतलं आणि १९७५ मध्ये ते पुरं झालं. सात कांडं, सात खंड, चोवीस वर्षं. पुण्याच्या भांडारकर संस्थेचं महाभारत मराठी माणसाला ऐकून तरी माहीत असतं. बडोद्याचं रामायण मात्र बडोद्यातल्याच दांडिया बाजारात जन्म गेलेल्यालाही पुष्कळदा माहीत नसतं, आणि याचं मनापासून वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांच्या काळात जमलेल्या पोथ्यांमधून १९२७ साली उभं राहिलेलं प्राच्यविद्या मंदिर हे त्या कामाचं घर. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या पोथ्या मागवायच्या, त्यांतल्या भरवशाच्या निवडायच्या आणि मग एकेक श्लोक सगळ्यांशी ताडून पाहायचा. तळटीपांत पाठभेदांच्या ओळीच्या ओळी लागलेल्या दिसतात, त्या या ताडणीच्या.

या कामाची सगळी भिस्त चुकांवर असते. दोन पोथ्यांत बरोबर शब्द सारखा असला तर त्यावरून काहीच कळत नाही, कारण बरोबर शब्द कुठूनही येऊ शकतो. पण दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक, एकाच जागी सापडली, की समजायचं: या दोघी एका आईच्या लेकी. असं करत करत पोथ्यांचं कूळ लावता येतं, आणि कूळ लागलं की कोणाची साक्ष किती मोलाची ते ठरवता येतं.

हीच नजर पोथीपुरती न ठेवता पुढच्या सगळ्या साधनांकडे वळवली तर निरोपाच्या इतिहासाची वेगळीच बाजू दिसते. जासूद, छापखाना, तार, फोन, मोबाइल ही वेगाची कहाणी सगळ्यांना पाठ आहे. पण प्रत्येक साधनाची चूक करण्याची आपली अशी रीत असते, आणि चूक पाहून ती कोणत्या साधनात झाली ते सांगता येतं.

आधी पोथी. लेखनिक समोरच्या पोथीतला तुकडा वाचतो, तो मनात धरतो, नजर आपल्या पानावर आणतो, लिहितो आणि पुन्हा नजर मागे नेतो. या ये-जा करण्यात ठरावीक अपघात होतात. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दाने होत असेल तर नजर परतताना पहिल्याऐवजी दुसऱ्या ओळीवर बसते आणि मधला मजकूर गळतो. कधी उलटं होऊन तोच तुकडा दोनदा लिहिला जातो. अक्षरांच्या जोड्याही ठरलेल्या: च आणि व, प आणि य, घ आणि ध, म आणि स. गुजरातेतल्या जुन्या जैन पोथ्यांत आणखी एक खोच असते. तिथे 'ए'ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या अलीकडे उभ्या रेघेने दाखवत. हिला पृष्ठमात्रा किंवा पडीमात्रा म्हणतात. नंतरच्या ज्या लेखनिकाला ही रीत माहीत नाही तो ती रेघ आधीच्या अक्षराचा काना समजतो. मग 'न देव' असं असेल तिथे तो 'ना दव' लिहितो. नक्कल अशी बिघडलेली दिसली की मूळ पोथी पडीमात्रेतली होती हे कळतं, ती पोथी आज हयात नसली तरी.

दुरुस्तीची साधनंही होती. अक्षर गळलं तर ओळीत काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण, आणि समासात गळलेलं अक्षर. चुकीचं अक्षर पडलं तर त्यावर हरताळ. हरताळ हे पिवळं खनिज, त्यात गंधक आणि सोमल. ते बारीक खलून डिंकाच्या पाण्यात कालवायचं आणि अक्षरावर लेप द्यायचा. वाळला की त्यावर पुन्हा लिहिता येतं. 'केल्या कामावर हरताळ फासला' असं आपण म्हणतो ते इथून आलं. डिंक कमी पडला तर लेप भुकटी होऊन झडतो आणि खालची चूक पुन्हा वर येते. पिवळ्या डागाखालून डोकावणारं जुनं अक्षर हे अभ्यासकाच्या दृष्टीने घबाडच, कारण लेखनिकाने आधी काय वाचलं होतं ते तिथे दिसतं.

पोथीच्या शेवटी बहुतेक लेखनिक एक श्लोक जोडतात: 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया, यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते.' जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. (याच श्लोकात कुठे 'दृष्टं' तर कुठे 'दृष्ट्वा' सापडतं, म्हणजे पाठभेदाने यालाही सोडलेलं नाही.) वाचताना ही हात झटकण्याची भाषा वाटते. मला ती कामाची शपथ वाटते. कारण पोथ्या ताडणाऱ्याला अडाणी लेखनिकाची भीती नसते. तो अक्षराचा आकार गिरवतो. चुकला तर चूक उघडी पडते, शब्दाला अर्थ राहत नाही, आणि त्या निरर्थक आकारातूनही मूळ शब्द पुष्कळदा हाती लागतो. भीती असते ती हुशार लेखनिकाची. त्याला अवघड शब्द खटकतो, तो त्याजागी सोपा, अर्थपूर्ण, व्याकरणशुद्ध शब्द बसवतो आणि मागे काहीच खूण ठेवत नाही. म्हणूनच संपादकांचा नियम असा, की दोन पाठांत अवघड पाठ आधी विचारात घ्यायचा. रामायणाच्या बाबतीत नेमकं हेच घडलं: उत्तरेकडच्या परंपरेत व्याकरणाबाहेरचे आर्ष प्रयोग घासूनपुसून शुद्ध केलेले आढळले, दक्षिणेकडच्या पोथ्यांनी ते जास्त करून तसेच ठेवले, आणि संपादकांनी दक्षिणेच्या साक्षीला अधिक वजन दिलं.

पोथीचा लेखनिक निवांत असतो, दप्तरातल्या कारकुनाला ती सोय नाही. मोडी ही घाईची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, इकार एकच, उकार एकच. बडोद्याच्या सरकारी दप्तरात गायकवाडीतले मोडी कागद आहेत, आणि रावपुऱ्यातल्या जुन्या घरांच्या ट्रंकांतही असे कागद निघतात. नवशिका ते वाचताना अक्षरांवर अडत नाही, शब्द तोडण्यावर अडतो. त्याने एक करावं: आधी मायना आणि शेवट वाचावा. तिथली वाक्यं ठरावीक असतात, 'बहुत काय लिहिणे' सारखी, त्यामुळे त्या हाताचं वळण कळतं. मग तारीख, मग आकडे, मग नावं, आणि मधला मजकूर सगळ्यात शेवटी.

'ध'चा 'मा' ही आपल्याकडची सगळ्यात गाजलेली अक्षरचूक. ३० ऑगस्ट १७७३ च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाभोवतीची. 'धरावे'चं 'मारावे' झालं, ही आख्यायिका. ती खरी मानायला पुरेसा आधार नाही, पण तिच्यामागची धास्ती अगदी खरी होती, आणि दप्तराने तिच्यावर उपाय करून ठेवले होते. पत्राची शेवटची ओळ संपली की तिला लागूनच मोर्तब उठवायची, म्हणजे मागाहून कोणाला शब्द घुसडायला जागा उरू नये. शिवाजी महाराजांच्या या शेवटच्या शिक्क्यावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं आहेत: लेखनाची मर्यादा इथे आहे. रक्कम आकड्यात आणि पुन्हा अक्षरी लिहायची. चेकवर आजही 'अक्षरी रुपये' लिहून शेवटी 'फक्त' टाकतात; तो 'फक्त' म्हणजे मोर्तबच.

छापखान्याने चुकांची जात पुरती बदलली. इथे लेखनिकासारखं मनात काही धरायचं नसतं, खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे शिशाचे ठसे, जुळवायचे असतात. इंग्रजीचं काम थोड्या खणांत भागतं. देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून एका केसीत, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या एका पेटीत, भागत नाही, जुळाऱ्याच्या समोर आणि दोन्ही बाजूंना केसा मांडाव्या लागत. तो खिळा न बघता उचलतो, हाताला खण पाठ असतो. म्हणून चूक बहुतेक वेळा जुळवताना होत नाही, ती आदल्या कामाचे खिळे सोडवून परत टाकताना झालेली असते. 'घ'च्या खणात 'ध' पडला की पुढच्या कामात तो न बघता उचलला जाणार. दुसरा आजार धातूचा. रफार, अनुस्वार, मात्रा यांचा भाग खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबतो. शिसं मऊ, छापताना दाब पडला की लोंबतं टोक मोडतं. जुन्या मराठी पुस्तकात पहिल्या काही पानांवर अनुस्वार नीट आहे आणि पुढे तो नाहीसा होत जातो, तो लेखकाचा आळस नव्हे, मोडका खिळा. आणि मुद्रणाची सर्वांत मोठी गोष्ट ही की पोथीची चूक एका वेळी एकाच पोथीत पडत होती, छापील चूक एकदम हजार प्रतींत जाते. म्हणून तर प्रूफ वाचणं ही वेगळी विद्या झाली. चांगला मुद्रितशोधक अर्थ लावत वाचत नाही. अर्थ लागला की डोळे पुढे पळतात आणि पुढचं अक्षर मन आपणच भरून टाकतं. काहीजण ओळीवर पट्टी ठेवतात, काहीजण शेवटच्या ओळीपासून वर येतात, दोघं असतील तर एक मूळ प्रत मोठ्याने काना-मात्रेसकट म्हणतो आणि दुसरा नुसता पाहतो.

तारमास्तरालाही हेच शिकवलं जाई: अर्थात शिरू नकोस. मोर्सच्या सांकेतिक भाषेत ८ साठी तीन डॅश आणि दोन डॉट, ७ साठी दोन डॅश आणि तीन डॉट. शुभेच्छांच्या तारांना आकडे ठरलेले होते. त्यांत ८ म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा, ७ म्हणजे मिळालेल्या बहुमानाबद्दल अभिनंदन. तिसरा डॅश आखूड पडला की नवदांपत्याचं बहुमानाबद्दल अभिनंदन होणार. अशा चुका धरण्यासाठी दोन साधे उपाय होते. मजकुराआधी एकूण शब्दांची संख्या पाठवायची. घेणाऱ्याने शब्द मोजायचे, जुळले नाहीत तर तो भाग पुन्हा मागवायचा. आणि मजकुरात आकडे असले तर ते शेवटी पुन्हा एकदा पाठवायचे. आज दोन संगणक माहिती देताघेताना मागे जी पडताळणीची बेरीज जोडतात, ती याच जातीची.

मराठी तार मात्र फार काळ रोमन अक्षरांतून गेली. देवनागरी तारेची सोय १९४९ मध्ये झाली. रोमनमध्ये ळ नाही, ण नाही, काना आहे की नाही ते कळत नाही. एम-ए-एल ही तीन अक्षरं आली तर 'माल' की 'माळ' की 'मळ'? बडोद्याहून पुण्याला जाणारी तार मराठी घरातून निघून मराठी घरात पोहोचत असे आणि मधल्या वाटेवर तिची लिपी हरवलेली असे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. लिपी हरवण्याचं दुखणं तिच्याबरोबर गेलं नाही, त्याकडे येतोच.

फोनमध्ये अक्षर नाही, आवाज आहे, आणि तोही चाळून आलेला. जुन्या फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. स, श, फ या वर्णांची फुसफुस बरीचशी त्याच्या वर असते, ती कापली जाते. म्हणून समोरासमोर कधी न चुकणारा माणूस फोनवर 'स' की 'फ' विचारतो आणि आपण 'स समईचा' म्हणतो. आकड्यांत आपलीच बोली आडवी येते: 'पंचवीस' ऐकताना पाच आधी कानावर येतो, लिहिणारा घाईत ५ लिहून बसतो आणि २५ चे ५२ होतात. नंबर एकेक अंक सुटा सांगावा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा, एवढं पुरतं. रेडिओ आणि दूरदर्शनबद्दल इथे फार सांगण्यासारखं नाही. तिथली चूक हवेत जाते आणि ताडून पाहायला हाती कागद राहत नाही.

आता संगणक. टाइपरायटरवर कळा मोजक्या, म्हणून देवनागरी अक्षर कापावं लागलं: अर्धा 'भ' एका कळेवर, उभा दंड दुसऱ्या कळेवर, दोन्ही मिळून पूर्ण 'भ'. पुढे संगणक आला तेव्हा कृतिदेवसारख्या फॉन्टांनी हीच सोय उचलली. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहायला एच, के, के, जे, आर अशा कळा दाबाव्या लागतात, आणि संगणकाच्या पोटात हीच इंग्रजी अक्षरं साठतात. 'भारत' हे फक्त वरचं रूप. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की खालचं उघडं पडतं. बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या कितीतरी स्मरणिका अशा फॉन्टांत अडकल्या आहेत, आणि त्या सोडवण्याचं काम आत्ता केलं नाही तर पुढे कोणी करणार नाही. पोथीला निदान डोळ्यांनी वाचता येतं. या फाइलींचं तसं नाही.

ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत त्यांनी आधी फॉन्टचं नेमकं नाव टिपून ठेवावं; दोन फॉन्टांच्या जुळण्या एक नसतात, आणि नाव हरवलं की किल्ली हरवली. मूळ फाइल तशीच ठेवावी, नकलेवर काम करावं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून झालं की शोध-सुविधा वापरून ठरावीक जागा तपासाव्यात. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. बदल कच्चा झाला की 'स्थिती'चं 'िस्थती' होतं. म्हणून शब्दाच्या आरंभी आलेली वेलांटी शोधावी. रफार जुन्या फॉन्टात मागाहून टाइप होतो, म्हणून 'धर्म'चा 'धमर्' होतो. शब्दाच्या अखेरीस आलेला पाय मोडका 'र्' शोधावा. काना आणि मात्रा वेगवेगळ्या पडून 'ो' ऐवजी 'ाे' होतं, 'आ' ऐवजी 'अा' होतं. हे दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखे दिसतात, पण शोधात सापडत नाहीत. तसंच 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र देऊन काम भागवत, म्हणून जुन्या मजकुरातली 'बँक' सापडते आणि 'ॲसिड' सापडत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला अर्थभेद ज्याला कळतो त्या माणसाने शेवटची नजर टाकावी, हे काम परक्यावर सोडू नये.

मोबाइलच्या संदेशात तारेचं जुनं दुखणं परत आलं. साध्या एसएमएसला १४० बाइटांची जागा. इंग्रजीची १६० अक्षरं तिच्यात बसतात, देवनागरी आली की फक्त ७०, आणि त्यातही काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, मोकळी जागा सगळं मोजलं जातं. 'आईची तब्येत बरी आहे' एवढ्याला १९ जागा लागतात. एका संदेशाचे दोन झाले की पैसेही दोनाचे. म्हणून मराठी माणूस पुन्हा रोमनकडे गेला आणि 'माळ' पुन्हा 'माल' झाली. फोनमध्ये देवनागरी सहज उमटू लागली त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी ती सवय अजून सुटत नाही.

आणि मग आला तो हुशार लेखनिक. आपण टाइप करतो, बोलतो, आणि फोन आपल्या आधी शब्द सुचवतो, न विचारता बदलतोही. 'सुरळी' हा स्वयंपाकघरातला शब्द, 'सुरळीत' हा बातम्यांतला. जालावर बातम्यांचा मजकूर ढीगभर, सुरळीच्या वडीचा चिमूटभर. यंत्राचा कल 'सुरळीत'कडे असणार. ते पोथीतल्या त्या शहाण्याप्रमाणेच अवघड पाठ टाकून सोपा पाठ घेतं, आणि एका गावात एका पोथीपुरतं न राहता घरोघरी घेतं. 'धमर्' दिसलं की कोणीही थबकतो. 'सुरळीत' दिसलं की कोणी थबकत नाही, वाक्य मात्र वेगळंच झालेलं असतं. बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द सहज मिसळलेले असतात, कोकणातल्याला कोकणीचे, नागपूरकराला वऱ्हाडीचे. हे सगळे यंत्राच्या लेखी अवघड पाठ. ते एकेक करून पुसले जाताना मागे हरताळाचा डागसुद्धा राहत नाही.

व्हॉट्सॲपवरून पुढे ढकललेल्या मजकुरात तर अक्षराची चूक होतच नाही. हजारावी प्रत पहिलीशी बिंदूबिंदूने जुळते. पोथ्यांचं कूळ लावणाऱ्याला तिथे धरायला काही नाही: कोणाकडून कोणाकडे गेलं, कुठे फाटा फुटला, याचा माग लागत नाही. गळतं ते एकच, तळाला असलेलं लिहिणाऱ्याचं नाव. तेवढं मात्र कोणीतरी हाताने कापतो.

या सगळ्यात मला क्यूआर कोडबद्दल फार आदर वाटतो. तो बनवणाऱ्याने आधीच धरून चाललं आहे की कागद मळणार, फाटणार. म्हणून मूळ माहितीबरोबर जादा माहिती भरलेली असते आणि पातळीप्रमाणे सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर भरून काढता येतो. फक्त तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शाबूत हवेत, कागद कसा धरला आहे ते फोनला त्यांच्यावरूनच कळतं. सेवउसळीच्या गाडीवर चिकटवलेला कोड पाहा. तर्रीचे लाल शिंतोडे, तेलाचे ठसे, एक कडा उचकटलेली, तरी पैसे बिनचूक जातात. आणि डाग मर्यादेपलीकडे गेला, तर तो अंदाजाने दुसऱ्याच कोणाचं नाव पुढे करत नाही. फोन गप्प राहतो, आणि गाडीवाला हातातल्या फडक्याने कोड पुसून म्हणतो, आता बघा.